पाचावर न थांबणारा फ्रीज

आमच्या बेटावरच्या आरोग्य केंद्रात सू-लुआनताई सव्वीस वर्षं नर्स होत्या. आवाज असा की हाक मारली तर थेट धक्क्यावर ऐकू जायची. मी तिथे डॉक्टर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि तरी सगळं मलाच कळतं असं मला वाटायचं.

त्या दिवशी फ्लूच्या लशी बोटीनं आल्या. ऐंशी म्हातारी माणसं, ऐंशी डोस. ईशान्येचा वारा सुटलेला, म्हणजे पुढचे दहा दिवस बोट नाही. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. मी फ्रीज पाचावर लावला, आत नवा कोरा तापमापक ठेवला आणि थोड्या वेळानं दार उघडलं. सात! बटण फिरवून थंडी वाढवली. पुन्हा बघतो तर तीन! बटण मागे. आता साडेसहा!

"ताई, फ्रीज गेला! सगळ्या लशी फेकाव्या लागणार!"

"दार किती वेळा उघडलंत?"

"चौदा."

"धन्य आहात!" म्हणत त्या बाहेर पेशंट बघायला गेल्या.

फ्रीजवर खाऊचं हिरवं पाकीट असायचं. यंत्रानं त्रास देऊ नये म्हणून ते आमच्याकडे सगळेच ठेवतात. त्याचं नावच 'शहाण्यासारखं वाग'. आल्या दिवशी मी त्याला हसलो होतो. आता गुपचूप उचलून आत ठेवलं, नेमकं गार वाऱ्याच्या झरोक्यासमोर, आणि बटण पार टोकाला नेलं.

ताई आल्या, दार उघडलं आणि किंचाळल्याच. "अहो डॉक्टर! झरोका बुजवलात! आणि हे बटण? लस गोठली तर खरंच फेकावी लागेल!"

पाकीट बाहेर, बटण पाचावर. मग त्यांनी तापमापकानं साठवून ठेवलेली सगळ्यात कमी नोंद बघितली. सव्वादोन! थोडक्यात वाचलो.

"फ्रीज पाचावर थांबून राहत नाही," त्या म्हणाल्या. "जरा तापला की मोटर सुरू, जरा जास्त गार झाला की बंद. सारखी चालू-बंद केली तर जळेल ती. म्हणून वर-खाली व्हायचंच. आणि तुम्ही मोजताय हवा. कुपीतलं औषध एवढं उतावीळ नसतं, तुमच्यासारखं."

त्यांनी कपाटातून तारेचे दोन तापमापक काढले, आकडे बाहेर दिसणारे. एकाची तार फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीत सोडली, दुसऱ्याची मोकळी ठेवली. दार बंद. दोन तास मी जागचा हललो नाही. हवा साडेतीन, हवा साडेसहा, पुन्हा चार. बाटली मात्र पाच, पाच, पाच!

"ताई, पाच! अजून पाच!" मी अक्षरशः नाचत होतो.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी लसीकरणाआधी मी तीनदा आकडे बघून आलो. ताईंनी पहिल्या खुर्चीवर एका म्हाताऱ्याला हाताला धरून बसवलं. त्यांचे वडील, वय एक्याण्णव. गेल्या हिवाळ्यात फ्लूनं मरता मरता वाचले होते.

"यांनाच पहिले?" मी हळूच विचारलं.

"नाहीतर तुमचा विश्वास बसणार कसा?" ताई म्हणाल्या आणि त्यांनी वडिलांची बाही वर केली.