तारेपलीकडचा म्हातारा

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडच्या स्टँडवर फुलसावंगीच्या गाडीचीच वाट पाहत होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो... महिना झाला. अजूनही त्या स्टँडवर गेलो की वाटतं, आपली एक गाडी चुकली, एवढंच.

आम्ही एका बाकावर शिकलो. मी मास्तर झालो, तो कुवेतच्या हॉटेलात काम आहे म्हणून गेला. तिथं उतरताच एजंटानं पासपोर्ट काढून घेतला आणि सीमेपलीकडे इराकात, एका परक्या फौजेच्या तळावर नेऊन सोडलं. दोन वर्षं त्यानं सैनिकांचे कपडे धुतले.

तळाच्या तारेच्या कुंपणाआत एका म्हाताऱ्याची खजुराची बाग अडकली होती. तो रोज फाटकावर येई, झाडांना पाणी घालू द्या म्हणे. वसंताला मोडकीतोडकी अरबी यायला लागली होती, म्हणून त्याला हाकलायचं काम वसंताकडे आलं.

"एक दिवस त्यानं मले इचारलं, तू कुठला रे बाबा? हे जमीन तुही हाये का?" हे सांगताना वसंता माझ्याकडे पाहत नसे.

मग तो कपडे खळबळलेलं पाणी गुपचूप झाडांच्या बुडाशी ओतू लागला. पण पुढे हेलिकॉप्टरांना जागा हवी झाली. करवती धोब्यांच्याही हातात दिल्या गेल्या. "मी बी कापली," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हातारा आला, नुसता पाहत राहिला. पुन्हा कधी आला नाही.

वसंताचा आजा सांगे, इंग्रजांनी त्यांच्या अख्ख्या तांड्यालाच चोर ठरवलं होतं, रोज चौकीवर हजेरी द्यावी लागे. "साहेब तं कोनी पाह्यलाच नाही, गड्या," वसंता म्हणायचा. "हजेरी घ्याले आपल्याच मुलखातला शिपाई राहे... तिथं तो शिपाई मी होतो."

परतल्यावर त्यानं कापूस, तूर केली, पोरीचं लग्न केलं, हसला-बोललाही. पण दारात कोणी उभं दिसलं की जेवणावरून उठून जाई, हाताला धरून आत आणी.

तेरवीनंतर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. घरात त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. "तापात एकच इचारत, भाऊजी... म्हातारा अजून फाटकावर हाये का? कोन म्हातारा, मले काय मालूम! मी म्हनलं, आत घेतलं त्याले, झाडाइले पानी देऊन राह्यला. तवा कुठं शांत झोपले." मग त्यांनी विचारलं, "बराबर बोलली ना मी?"

मी हो म्हणालो. त्या बागेत एकही झाड उरलं नव्हतं, हे त्यांना सांगणं मला जमलं नाही.