बंधाऱ्याच्या वरचा ठिपका

कासवआत्याला नकाशावरची कोरी जागा बघवत नसे. कुठलं कासव कुठल्या नदीत कुठवर राहतं, त्याचे ठिपके लावणं हेच तिचं काम. मऊपाठीच्या कासवाचे ठिपके बंधाऱ्याखाली दाटीवाटीने बसलेले, पण बंधाऱ्याच्या वर औषधालाही एक नाही. सोमवारी नकाशा छापायला जाणार, आणि ठिपका नसलेल्या पात्रात वाळू उपसायची यंत्रं उतरणार.

"म्हणजे बघा," नकाशाच्या कचेरीतले साहेब म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य ही काठी टेकूनच उभं राही. "म्हणजे बघा, नाही दिसलं, तर नाही."

"नाही दिसलं, म्हणजे आपण नीट बघितलं नाही," आत्या म्हणाली आणि सापळे घेऊन वरच्या डोहावर गेली.

तिथला नावाडी भला माणूस.

"इथं मऊपाठीचं कासव आहे?"

"असेल की."

"मोठं?"

"असेल की."

"शिंगांचं?"

नावाड्याने वल्हं थांबवून विचार केला. "असेल की."

ही साक्ष आत्याने तिथल्या तिथे बुडवली.

सापळे रिकामे निघत राहिले. एकात चप्पल आली, तीही डाव्या पायाची. नावाड्याच्या बायकोला हसू आवरेना.

"कासव हवं होतं होय? आधी नाही का सांगायचं, ताई." तिने परसातला टब दाखवला. तळाशी ओल्या चामड्याच्या थाळीसारखं कासव पसरलेलं. मऊपाठीचंच.

आत्याने मोजपट्टी काढली. "कुठं सापडलं, वहिनी?"

"माहेरी. बंधाऱ्याखाली. लग्नात माझ्याबरोबर आलं."

मोजपट्टी पुन्हा गुंडाळली गेली.

"टाका की ठिपका," नावाडी म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना. सासरी आलेलं कासव इथलं धरत नाहीत."

"अस्सं." वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "माझे केस पिकले या घाटावर. मग मी कुठली?"

आत्या चिखलात उतरली. डोहातले सापळे उचलून तिने पडलेल्या झाडाच्या फांद्यांत बांधले, कासवाला श्वास घ्यायला नाक वर काढता येईल असे. पोटऱ्यांना जळवा लागल्या. खिशात फोन वाजला.

"म्हणजे बघा, आज रविवार."

"बघतेच आहे," म्हणून तिने फोन ठेवला.

उन्हं कलताना शेवटच्या सापळ्यात काहीतरी धडपडलं. मऊपाठीचं इवलंसं पिल्लू, मुठीत मावेल एवढं. मावलं आणि अंगठ्याला चावलं. आत्या तशीच काठावर गेली आणि वाळू उकरत सुटली, तेव्हा कुठे एका खड्ड्यात फुटलेल्या अंड्यांची टरफलं हाती आली.

"म्हणजे माझ्या पोरांसारखं," वहिनी वाकून म्हणाल्या. "जन्मच इथला."

फोनवर साहेबांना मात्र शंका. "म्हणजे बघा, अंडी कुणी खालून आणून पुरली असतील तर? तिथल्या माणसाला विचारा."

तिथला माणूस म्हणजे नावाडी. तरी आत्याने फोन त्याच्यापुढे धरला आणि जसाच्या तसा प्रश्न विचारला.

नावाड्याने तोंड उघडलं. पिल्लाकडे पाहिलं. टरफलांकडे पाहिलं.

"छे," तो म्हणाला. "हे इथलंच."

पलीकडून साहेब म्हणाले, "म्हणजे बघा..."

"बघितलं," आत्या म्हणाली. "ठिपका लावा."