एकशे सतरा नंबरचा बिल्ला

फोन आला तेव्हा मी घुग्घुसच्या एका कोळसा डेपोवर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये होते. काट्यावर भरलेला ट्रक उभा होता आणि कानात ऑफिसातल्या प्रशांतचा आवाज तुटत तुटत येत होता. "वैशाली, भाऊ गेले... दवाखान्याच्या पायरीवरच." मी ऐकलं, आणि समोरच्या ट्रकची पावती छापली. ड्रायव्हरच्या हातात दिली. त्याने सही केली, ट्रक खाली उतरला, मागचा वर चढला. त्याचंही वजन घेतलं. मग मी तिथल्याच स्टुलावर बसले. आज इतक्या आठवड्यांनीही त्या दोन पावत्यांचं मला नवल वाटतं, आणि थोडी लाजही.

सुगत मेश्राम हे आम्हा सगळ्यांचे भाऊ. चंद्रपुरात एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहायला सुरुवात केली आणि हळूहळू आम्ही चौघं त्यांना येऊन मिळालो. माणूस साधा, पण हट्टी. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडायचा निश्चय दर सोमवारी करायचे आणि मंगळवारी आमची नजर चुकवून जिना उतरायचे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची बोलावणी त्यांनी कधी मनावर घेतली नाहीत. "तिथी कोळशाची धूळ नाई, मले झोप नाई येनार," म्हणायचे.

मी गोंडपिपरीहून नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या प्रत्येक काट्यावर तीन प्रोग्राम चालत. एक पावती छापायचा, एक बाहेरच्या मोठ्या बोर्डावर वजन दाखवायचा, आणि तिसरा ट्रकचा फोटो काढायचा. काट्याशी बोलण्याचं काम मात्र तिघांच्या सामाईक लायब्ररीकडे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, सगळ्यांनी मिळून वापरायचा कोड. ती भाऊंनी लिहिलेली. फोटोचा प्रोग्राम लिहायला मला दिला. मी अगदी नेटका लिहिला. काम झालं की आपलं आवरून जावं, ओटा पुसावा, दिवा मालवावा, हे आईने लहानपणापासून डोक्यात बसवलेलं. म्हणून फोटो निघाला की माझा प्रोग्राम काट्याशी जोडलेली लाइनही बंद करून मगच थांबायचा. मला त्याचा केवढा अभिमान!

पहिल्याच दिवशी डेपोवर काटा आंधळा झाला. फोटो निघाला की बोर्डावरचं वजन गायब, पावती कोरी. तासाभरात ट्रकांची रांग पार मोठ्या रस्त्याला लागली. ड्रायव्हर खिडकीवर येऊन हिंदीत नको नको ते बोलत होते. डेपोच्या मॅनेजरने माझ्या तोंडावर सांगितलं, ही मुलगी उद्यापासून इथे दिसायला नको. भाऊ मोटरसायकलवरून आले, केसांपासून बुटांपर्यंत काळे. मॅनेजरला म्हणाले, "लायब्ररी माही हाय, चूक माहीच. तिले काऊन बोलता?" मग माझ्या शेजारी बसून त्यांनी कोड वाचला आणि हसले.

"तू आवरलं, ते चांगलं केलं. पन मांगं वळून पाह्यलं काय? पंगतीत दोघं अजून जेवूनच राह्यले, अन् तू त्यायच्या पत्रावळी उचलून नेल्या."

मला रडू आलं आणि हसूही. त्या दिवशी त्यांनी लायब्ररी बदलायला घेतली. त्यानंतर कोणताही प्रोग्राम आला की आधी 'मी आलो' म्हणणार, जाताना 'मी चाललो' म्हणणार. लायब्ररी फक्त मोजणार. पहिला येईल तेव्हा लाइन उघडायची, शेवटचा जाईल तेव्हाच बंद करायची. मधल्यांनी यावं, जावं, दाराला हात लावायचा नाही.

ही अक्कल पुस्तकातली नाही, बाबांची, असं ते सांगत. त्यांचे वडील, डोमाजीकाका, माजरीकडच्या एका भूमिगत खाणीत लॅम्प रूमवर होते. खाली उतरणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि टोपीवरचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. बिल्ला फळीवर लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. एकदा पाळी सुटली तरी एक बिल्ला उरला. साहेब म्हणाले, गेला असेल घरी. काका खिडकीतून हलेनात. शोधायला माणसं उतरायच्या बेतात होती, तेवढ्यात तो बहाद्दर सायकलवरून धापा टाकत आला. दिवा दोस्ताकडे देऊन, बिल्ला न घेताच सरळ घरी गेला होता, जेवायला! काकांनी आधी त्याला शिव्या घातल्या आणि मग मिठी मारली, असं भाऊ सांगायचे, आणि दर वेळी त्या मिठीपाशी त्यांचा आवाज ओला व्हायचा.

ती खाण बंद पडली तेव्हा भंगारात निघालेले काही बिल्ले काकांनी मागून घेतले होते. माझ्या पराक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी भाऊ त्यातले पाच घेऊन आले. दाराशेजारी लाकडी फळी ठोकली, फळीवर पाच खिळे. आल्यावर आपला बिल्ला खिळ्यावर, जाताना खालच्या डब्यात. जो शेवटचा उरेल त्याने कॉम्प्युटर, पंखे, दिवे बंद करायचे. माझा बेचाळीस नंबर, भाऊंचा एकशे सतरा. आलेल्या पाहुण्यांना हा पोरखेळ वाटे. आम्हालाही वाटे, पण आवडे.

एकदा मी त्यांना अडवायला म्हणून विचारलं होतं, "भाऊ, एखादा प्रोग्राम 'चाललो' न म्हनताच मधी मेला तं? मंग तं तुमची मोजनी कधीच संपनार नाई."

त्यांनी बोटांनी टेबल वाजवलं. "मंग कोनाले तरी उठून जाऊन पाहा लागते, पोरी. ते मोजून नाई होत."

मला फोन आला त्या दुपारी छातीत दुखायला लागलं तेव्हा प्रशांतच्या मागे बसून ते निघाले. "आलोच पाच मिनिटांत," म्हणाले म्हणे. बिल्ला खिळ्यावरच राहिला.

तो मला काढवेना. प्रशांतने एकदा हात लावला तर मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. याचं कारण त्यालाच काय, मला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं. बाकीचे आत असताना मी एकदा लाइन बंद केली होती. तेव्हा सांभाळून घ्यायला भाऊ होते. आता ते नाहीत, हे माझ्याच हाताने कसं ठरवू? रोज संध्याकाळी मी सगळं बंद करायची, पण पुढच्या खोलीतली ट्यूबलाइट तशीच ठेवून निघायची. खालचे दुकानदार हाक मारायचे, "मॅडम, लाइट राह्यला!" मी म्हणायची, "राहू द्या."

गेल्या शनिवारी संध्याकाळी डोमाजीकाका आले. भाऊंचा डबा, चष्मा, दोन वह्या मी पिशवीत भरून ठेवल्या होत्या. काका जिना चढून दमले होते. पाणी प्यायले आणि त्यांची नजर फळीवर गेली. तिथे दोनच बिल्ले होते, माझा आणि भाऊंचा.

"हा काऊन वर हाय?"

मी सांगायला गेले आणि सांगता सांगता फुटलेच. त्या दुपारपासून मी रडले नव्हते. काकांनी माझं रडणं पुरतं होऊ दिलं.

"माह्या नोकरीत दोनदा झालं असं," ते म्हणाले. "मानूस गेला, बिल्ला राह्यला. कोनाची हात लावाची हिंमत नाई होये. मंग मलेच काढा लागे... तुह्यं काम नाई ते, पोरी. लॅम्प रूमवाल्याचं हाय."

ते उठले. भिंतीला धरत फळीपाशी गेले, बिल्ला काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही बाजूंनी पुसला. डोळ्यांशी नेऊन नंबर वाचला आणि मग ताठ उभं राहून, लॅम्प रूमच्या खिडकीतून पुकारावं तसा, मोठ्याने पुकारला.

"एकशे सतरा... वर आला!"

बिल्ला त्यांनी छातीवरच्या खिशात ठेवला आणि पिशवी उचलली. "आता कर बंद," म्हणाले. मी बेचाळीस नंबर डब्यात टाकला, ट्यूबलाइट मालवली आणि त्यांचा हात धरून जिना उतरले.

आता रोज संध्याकाळी दिवा बंद होतो. बटणावर बोट ठेवलं की मात्र मी एकदा मागे वळून बघते... कुणी अजून जेवत तर नाही ना.