काविळीचा काढा आणि दोन सरकारी बकऱ्या

दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपसूक साठतात, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे. फेकवत नाहीत अन् ठेवायला जागा नाही. निजामाच्या राज्यात धारूरच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. स्वभावानं लई संशयी! पाणीसुद्धा वास घेऊन प्यायचो.

गावातले वैद्य आबा काविळीवर पाल्याचा काढा द्यायचे. वरून हुकूम आला : ह्या काढ्यानं लिव्हर बिघडतं का ते तपासा, बिघडत असेल तर बंद करा. नेमकी तेव्हाच माझ्या बायकोला, काशीला, कावीळ झाली. आबा काढा घेऊन दारात उभे! मी म्हटलं, "तपास होऊ द्या. तोवर थेंब न्हाई!" म्हटलं खरं, पण जीव टांगणीला लागला होता.

०

हैदराबादहून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी आबांना विचारलं, "इससे कोई मरा?"

"सायेब, तीन पिढ्या देतोय. एकाचीबी तक्रार न्हाई!"

मी मधेच बोललो, "मेलेला तक्रार कशी करंल, आबा?"

आबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

०

दोन बकऱ्या आणल्या. एकीला काढा, दुसरीला साधं पाणी. पाजणार चपराशी खंडू, अन् खंडूवर नजर माझी, रात्रंदिवस! घरी काशीपाशी आई होती. साहेब रोज दुपारी फेरीला निघताना बजावायचे, "कंपाउंडर, यहाँ से हिलना नहीं!"

पंधरा दिवसांनी कळलं, मी जेवायला बसलो की खंडू दोघींना निम्मा निम्मा काढा पाजत होता!

"का रं असं?"

"एका पंगतीत दुजाभाव करू व्हय? पाप हाय ते!"

०

साहेब वैतागले. म्हणाले, बकरी कापा, लिव्हरच बघू. कलेजी काढून ताटात ठेवली. साहेब घरून जेवून येतात तर ताट रिकामं! खंडूनं भाजून खाल्ली होती.

"कैसी थी?" साहेबांनी दातओठ खात विचारलं.

"लई झ्याक, सायेब! डाग न्हाई, गाठ न्हाई!"

साहेबांनी गुमान रिपोर्ट लिहिला : काढ्यापासून अपाय नाही. वर सही ठोकली! मी चाटच पडलो. एवढा कडक माणूस, अन् खंडूच्या जिभेवर विसंबला?

०

तरी सही ती सही. आबांकडून काढा घेतला नि पळतच घर गाठलं. काशी अंगणात भांडी घासत बसलेली. डोळे पांढरेशुभ्र! मला रडूच फुटलं.

"अगं, बरी कशानं झालीस?"

"आबांच्या काढ्यानं. पंधरा दिस झाले, पितेय की!"

"आणून कोण देतंय?"

"अवं, तुमचे डॉक्टरसायेब! रोज दुपारी यायचे. काढा पाजायचे, डोळे बघायचे, अन् वहीत लिवून न्यायचे!"