उपाशीपोटी उमापूर

गावोगाव रक्ताचे नमुने गोळा करत हिंडलं की फ्रीजरमध्ये नळ्या साठतात आणि डोक्यात किस्से. नळ्या जपाव्या लागतात, किस्से आपोआप टिकतात!

आमच्या गायकवाड मॅडम कॅन्सर आणि शुगरवर संशोधन करतात. खाल्लेल्या अन्नाचं शरीर पुढं काय करतं, कुठं बिघडतं, ते शोधायचं. त्यासाठी उमापूरच्या त्याच माणसांचं रक्त वर्षानं पुन्हा लागतं. माणूस दुसऱ्यांदा आला नाही की पहिली मेहनत पाण्यात. मॅडमना कायम तोच घोर.

हे सरपंचांना समजावलं, तर पोटावरून हात फिरवत म्हणाले, "कावून एवढी धावपळ? मला इचारा की. माझं शरीर अन्नाचं हे करतं!"

*

पहिल्या दिवशी मॅडमनी बजावलं होतं, "उपाशीपोटी या." सकाळी सगळे आले. सगळे उपाशी, आणि सगळे चहा पिऊन!

"चहा काय खाणं हाय का?" एक काका उलट माझ्यावरच. "चहा न्हाई घेतला तर माणूस हितवर येईल कसा?"

सगळ्यांना परत पाठवलं. शिव्या मी खाल्ल्या.

*

काल काय काय खाल्लं, तेही लिहून घ्यावं लागतं. एका सुनेनं सासूसमोर मॅडमना सांगितलं, "अर्धी भाकर." दहा मिनिटांनी एकटीच परत आली. "मॅडम, दोन भाकरी लिवा. आन गूळ-शेंगदाणे. पण सासूबाईला कागद दावू नगा!"

*

एकदा आमची गाडी बंद पडली. नमुन्यांची पेटी घेऊन मी एसटीत चढलो, तर पेटीत नमुने गार ठेवणाऱ्या ड्राय आइसची वाफ बाहेर! कंडक्टर म्हणाला, "काय हाय बे यात?"

म्हटलं, "रक्त."

बीडपर्यंत अख्खं बाक माझं एकट्याचं! आयुष्यात पहिल्यांदा खिडकी मिळाली, राव.

*

वर्ष सरलं, दुसरी फेरी लागली. माणसं येतील का, म्हणून मॅडम सकाळपासून रस्त्याकडं बघत उभ्या. पण लोक आले, लई आले! रांगेत एक म्हातारे बाबा होते. हातात आमचं गेल्या वर्षीचं तपासणीचं कार्ड, कार्डावर नाव सरूबाईचं.

"आजी कुठंयत, बाबा?"

"दिवाळीच्या आधी गेली. कॅन्सरनं. जाताना म्हणली, मॅडमला येते म्हणून शब्द दिलाय." त्यांनी बाही वर सारली. "माझं घ्या."

मी त्यांची बाही हळूच खाली केली. म्हटलं, "बाबा, एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर चालत नाही."

तेवढ्यात मॅडम उठून आल्या. नळीवर एक खूण चुकली तरी नमुना फेकून देणारी बाई ती!

बाबा त्यांना म्हणाले, "पन्नास वर्सं एका ताटात जेवलो, पोरी. फरक त्यो काय पडणार?"

मॅडमनी मला बाजूला केलं आणि सुई स्वतःच्या हातात घेतली.