सुमनचा फ्रॉक आणि आमचे चार मॉनिटर

फोटो स्टुडिओत वीस-बावीस वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साचतात: न नेलेले पासपोर्ट फोटो आणि किस्से. फोटो निदान पाकिटात गप पडून राहतात. किस्से कुठं ठेवायचे? चहा आला की ते बाहेर पडतातच!

परवा नांदेडहून भाचीचा फोन आला. तिला फोटो एडिटिंगचा नाद लागलाय. "मावशी, मॉनिटर कुठला घेऊ? आणि वायर एचडीएमआय घेऊ का डिस्प्ले पोर्ट?" प्रश्न दोन मिनिटांचा. मी तासभर बोलले. शेवटी ती म्हणाली, "मावशी, मॉनिटरचं राहिलंच की!"

काय करणार? मॉनिटर म्हटलं की मला माणसंच आठवतात. लातूरला आमचा स्टुडिओ. मालक अण्णा: सहा फुटी, तापट, आणि रंगाच्या बाबतीत नवरीच्या आईपेक्षा चिकित्सक. सत्तारभाई मूळचे उदगीरचे, अण्णांच्या खांद्याला लागायचे. शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर लोकांच्या पुटकुळ्या घालवण्यात त्यांची हयात गेली. आणि मी शैला, कंधारची. शिकायला लातूरला आले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि इथं ऑपरेटर म्हणून चिकटले ती चिकटलेच.

आमच्याकडे एक रीत होती. लग्नाचे फोटो छापायचे तर शालूच्या ब्लाउजपीसचा बोटभर तुकडा आणून द्यायचा. अण्णा तो मॉनिटरच्या काचेला लावून बघायचे. रंग जुळला तरच छपाई. "डोळा खोटं बोलतो, कापड बोलत नाही," हे अण्णांचं वाक्य आम्ही दिवसातून चारदा तरी ऐकायचो.

*

आधी कौसाबाईंचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कौसाबाई किल्लारीकडच्या एका खेड्यातल्या. भूकंपाच्या आदल्या वर्षी लग्नसराईत अण्णा त्यांच्या गावात ऑर्डरला गेले होते. कौसाबाईंनी आपल्या चार वर्षांच्या लेकीला, सुमनला, पुढं केलं. "हिचा बी एक काढा की." अण्णांनी काढला आणि पाठवूनही दिला.

भूकंपात सुमन गेली. घर पडलं, वरून पाऊस. आठवड्यानं ढिगाऱ्यातून तो फोटो निघाला. चेहरा तेवढा शाबूत, फ्रॉकचा रंग पार धुऊन गेलेला.

महिन्याभरात कौसाबाई स्टुडिओच्या पायरीवर. "अण्णा, तुमच्यापाशी त्याची फिलिम असंल न्हवं? दुसरा काढून द्या."

फिल्म अण्णांनी मागच्या दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिली होती.

मी तेव्हा नव्हते, पण सत्तारभाई सांगायचे. अण्णांनी ते लपवलं नाही, तोंडावर सांगितलं. आणि मग म्हणाले, "फ्रॉकचा रंग मी आणून देतो. कसला होता?"

"हिरवा. चिंचंच्या कवळ्या पाल्यावानी."

"कापडाचा तुकडा वगैरे?"

कौसाबाईंचं घरच राहिलं नव्हतं, तुकडा कुठला!

सत्तारभाईंनी ब्रशने रंग भरून दिला. "न्हाई, असा न्हवता." पुन्हा भरला. "न्हाई." तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या आधी त्या यायच्या, बघायच्या, मान हलवून जायच्या. मग कॉम्प्युटर आला आणि अण्णांच्या मनानं घेतलं की आता जमणार. फक्त मॉनिटर चांगला पाहिजे!

*

पहिला मॉनिटर डब्बा. मागं एवढा मोठा, की टेबल भिंतीपासून दोन हात पुढं ओढावं लागलं. सुरू केल्यावर त्याचे रंग ठिकाणावर यायला अर्धा तास लागायचा. अण्णा सकाळी उदबत्तीच्या आधी मॉनिटर लावायचे. लाइट गेली की अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून!

तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. कुठून कुठून पोरं यायची आणि प्रत्येकाला फॉर्मला फोटो पाहिजे. एकदा देगलूरचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. फॉर्मचा शेवटचा दिवस. लाइट नुकतीच आलेली. अण्णा म्हणाले, "अर्धा तास थांबा. मॉनिटर अजून उठला नाही."

"उठला न्हाई म्हंजे? ह्यो काय समोर चालू हाय की!"

"डोळे उघडलेत. शुद्धीवर यायचाय."

गृहस्थ तरातरा दुसऱ्या स्टुडिओत गेले. वीस मिनिटांत फोटो घेऊन परत. तो फोटो त्यांनी अण्णांपुढं ठेवला. पोरगं जांभळं दिसत होतं!

"अर्धा तासच म्हणलात ना?" त्यांनी विचारलं आणि बाकावर बसले.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा. कॅमेरा, ट्रायपॉड, कटर. मॉनिटरला कसं वगळणार? अण्णांनी कुंकवाचं बोट थेट काचेवर टेकवलं. दसऱ्यानंतर झेंडूच्या माळा काढल्या, कुंकू तसंच राहिलं. वाळून तपकिरी झालं.

सत्तारभाई तेव्हा माझ्याकडून माउस शिकत होते. फॉर्मचे फोटो साफ करायला त्यांना बसवलं. तासाभरानं गेले तर हे घामाघूम. "बेटा, हा डाग लई जिद्दी हाय. सगळ्याच पोरांच्या गालावर हाय. पुसून राहिलो, पुसून राहिलो, जातच न्हाई!"

मी ओढणीचं टोक ओलं केलं आणि काच पुसली. डाग गेला. सत्तारभाईंनी माउस सोडला आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

दोन दिवसांनी भोकरच्या एक बाई आल्या, हातात मुलाचा फोटो आणि फॉर्म. "फॉर्मवर ओळखीची खूण लिहिलीय, डाव्या गालावर तीळ. फोटोत तीळ कुठाय?"

कुंकवाखाली खरा तीळ होता. सत्तारभाईंच्या पुसण्यानं कुंकू गेलं नव्हतं, तीळ गेला होता!

अण्णा कडाडले, "तीळ कुणी काढला?"

सत्तारभाई शांतपणे म्हणाले, "अण्णा, कुंकू कुणी लावलं?"

*

आता वायरीचं. जुनी वायर म्हणजे व्हीजीए. निळ्या तोंडात पंधरा बारीक पिना. झाडताना सत्तारभाईंनी टेबल सरकवलं आणि त्यातली एक पिन वाकली. नेमकी लाल रंगाची! पडद्यावरचा लाल रंग जवळजवळ गायब. सगळं जग निळसर-हिरवं.

पण आम्हाला कुठं माहीत? त्याच आठवड्यात एका क्लासच्या गुणवंतांचा मोठा फलक करायचा होता. बारा चेहरे. अण्णा नांदेडला लग्नाच्या ऑर्डरला. मला वाटलं, ट्यूबलाइटनं चेहरे हिरवट आलेत. मी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर भरपूर लाल ओतला. पडद्यावर जेमतेम बरे दिसायला लागले, तशी फाइल पाठवून दिली.

फलक चौकात लागला आणि क्लासचे सर धावत आले. "अहो, माझी पोरं मेरिटात आलीत! मिरच्या खाऊन आल्यासारखी काय दिसतायत?"

अण्णा परत आले, टेबलाखाली शिरले, सत्तारभाईंच्या निगेटिव्ह खरवडायच्या सुईनं पिन सरळ केली आणि बाहेर येऊन माझ्याकडे असं बघितलं, की आजही आठवलं तर मी वायर तपासते.

पण खरी गंमत निराळीच. त्या वाकड्या पिनेच्या आठवड्यात कौसाबाई येऊन गेल्या होत्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "हां... आता जवळ आलाय जरा."

अण्णांना हे सांगितलं. ते परत टेबलाखाली वाकले. मग त्या पिनेकडे बघून म्हणाले, "पुन्हा वाकवली असती गं. पण कागदाला कुठं पिन असते?"

*

दुसरा मॉनिटर चपटा. टेबल परत भिंतीला टेकलं तेव्हा आम्हाला फार मोठे झाल्यासारखं वाटलं. पण त्याची खोड अशी, की बघणाऱ्याची मान वरखाली झाली की रंग बदलायचा. एकच शालू अण्णांना गडद दिसायचा, सत्तारभाईंना फिका. दोघं दुपारभर भांडले. शेवटी सत्तारभाई दोन जाडजूड अल्बम खाली घेऊन त्यांवर बसले आणि म्हणाले, "आता बराबर हाय. भांडण उंचीचं होतं."

कौसाबाई आल्या. उभ्यानंच बघितलं. "हां!" खुर्चीवर बसल्या. "न्हाई." उठल्या. "हां!" बसल्या. "न्हाई."

आम्ही हसू दाबत होतो. अण्णा वैतागून म्हणाले, "कौसाबाई, तुम्ही लेकीला बसून बघायच्या का उभ्यानं? एकदा काय ते ठरवा!"

कौसाबाईंनी खरंच विचार केला. म्हणाल्या, "ती माझ्या कडंवर असायची."

 अण्णांनी स्वतः जाऊन चहा आणला. तो त्यांनी आजवर कधीच आणला नव्हता.

*

तिसरा मॉनिटर एचडीएमआय वायरीवर. दुकानदार म्हणाला, "टीव्हीचीच वायर, एकदम भारी!" भारी होतीच. पण आमच्या कॉम्प्युटरनं मॉनिटरला टीव्ही समजायला सुरुवात केली आणि सगळा काळा रंग राखाडी दिसायला लागला. एका क्लासचे सर केसांना नवा कलप करून फोटोला आले आणि पडद्यावर बघून हादरले. "केस पांढरेच?" मी काळा वाढवला. अजून वाढवला. छापून आला तर केस, मिशी, कोट, सगळा एकच काळा गोळा!

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "वा! असाच पाहिजे. पन्नास कॉपी द्या."

सेटिंगमध्ये एक खूण बदलायची होती, एवढंच. ते मला आठ महिन्यांनी सापडलं. सरांचा फोटो अजून क्लासच्या पाटीवर तसाच आहे.

*

चौथा मॉनिटर घ्यायला आम्ही तिघं हैदराबादला गेलो. अण्णांचे हात तोवर थरथरायला लागले होते, पण पिशवी त्यांनी कुणाला धरू दिली नाही. पिशवीत इतक्या वर्षांचे शालूंचे तुकडे. दुकानात ते एकेक तुकडा पडद्याला लावून बघायचे आणि मान हलवायचे. अगदी कौसाबाईंसारखे! दुकानदार शेवटी कळवळून म्हणाला, "साब, ये साडी की दुकान नहीं है!"

आठव्या मॉनिटरवर सगळे तुकडे जुळले. वायर डिस्प्ले पोर्ट. आत घातली की खट्कन बसते, ओढली तरी निघत नाही. अण्णांनी चार वेळा ओढून बघितली. "हिची पिन वाकत नाही ना?"

दिवाळीच्या आधी कौसाबाई आल्या. केस सगळे पांढरे झालेले. सोबत निलंग्याची भावजय. कौसाबाई खुर्चीत बसल्या. मी सुमनचा फोटो उघडला आणि फ्रॉकचा रंग अगदी हळू हळू सरकवायला लागले. मागं अण्णा आणि सत्तारभाई उभे.

कौसाबाईंनी हात वर केला. "थांब. हाच. हाच गं बाई."

मग त्या उभ्या राहिल्या. "हाच." पुन्हा बसल्या. "हाच हाय, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढला. सत्तारभाई भिंतीकडे तोंड करून नाक पुसायला लागले. मला तर पडदाच दिसेना. अण्णा म्हणाले, "शैला, छाप."

तेवढ्यात भावजयीनं पिशवीत हात घातला. "वन्सं, तुमाला दाखवायचं राहिलंच की. परवा जुनी वाकळ उसवली, त्यात आतल्या थराला ह्यो तुकडा घावला. आमच्या पोरीचा, लताचा आन् सुमीचा फ्रॉक एकाच कापडाचा न्हवं? तुमीच तर शिवले व्हते दोनी!"

आतल्या थराचा तुकडा. ऊन न लागलेला, कोरा वाटावा असा. अण्णांचा हात सवयीनं पुढं झाला. त्यांनी तो घेतला आणि काचेवर, सुमनच्या फ्रॉकशेजारी धरला.

कापड निळं होतं. निळंच. हिरव्याचा पत्ता नाही.

 अण्णांनी त्यांचं ते नेहमीचं "डोळा खोटं बोलतो" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझा हात माउसवरच होता.

कौसाबाईंनी तो तुकडा अण्णांच्या हातातून काढून घेतला. मांडीवर पसरला, अंगठ्यानं एकदा सरळ केला. त्याची चार पदरी घडी घातली आणि भावजयीच्या हातात दिली.

"हे लताचं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या सुमीचा हिरवाच व्हता. छापा, अण्णा."

अण्णांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि फोटो स्वतः छापला.