गल्लीतलं आकाश

पाणीखात्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या त्या माणसाला सगळे अण्णा म्हणत. कुठला व्हॉल्व्ह कुठे गाडलाय, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा इंजिनिअरबाईंनी त्यांच्या हातात जीपीएसचं छोटं यंत्र ठेवलं.

"अण्णा, डोक्यातलं सगळं यात उतरवा."

अण्णांनी महिन्याभरात चारशे व्हॉल्व्ह उरकले. झाकणावर उभं राहायचं, बटण दाबायचं, पुढे चालू लागायचं.

पुढे एका अरुंद गल्लीत पाइप फुटला. अण्णा रजेवर होते आणि झाकण नव्या डांबराखाली गेलं होतं. नोंदीप्रमाणे व्हॉल्व्ह एका दुकानाच्या आत निघाला, म्हणून माणसांनी दुकानासमोर खणलं. खाली नुसती माती. व्हॉल्व्ह समोरच्या कडेला सापडेपर्यंत तळघरांत कमरेइतकं पाणी भरलं.

"यंत्रानं दगा दिला," अण्णा म्हणाले.

"यंत्रानं सांगितलं होतं. चूक एकोणीस मीटरपर्यंत असू शकते, असं नोंदीतच आहे. आपण दोघांनीही वाचलं नाही," बाई म्हणाल्या.

अण्णांना ते फार लागलं. तीस वर्षांत त्यांनी चुकीची जागा कधी दाखवली नव्हती.

बाई त्यांना मैदानावर घेऊन गेल्या. यंत्राच्या पडद्यावर अकरा उपग्रह, चौफेर पसरलेले. चूक तीन मीटर. मग त्याच गल्लीत गेले. उपग्रह पाचच, तेही डोक्यावरच्या चिंचोळ्या पट्टीत एका रांगेत.

"बाजूचं आकाश इमारतींनी झाकलंय," बाई म्हणाल्या. "आणि काही सिग्नल भिंतीवर आपटून येतात. लांबून आले की यंत्राला वाटतं, उपग्रहच लांब आहे."

"म्हणजे वळसा घालून आलेल्याचं ऐकायचं नाही."

"ओळखता आलं तर."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा यंत्र पोटाशी न धरता डोक्याच्या उंचीवर धरून दहा-दहा मिनिटं उभे राहू लागले. उपग्रह सरकतात हे कळल्यावर एकाच जागी सकाळी आणि दुपारी जाऊ लागले.

"भर रस्त्यात आभाळाकडे बघत उभे असता म्हणे," बायको म्हणाली. "शेजारीण तब्येत विचारत होती."

"काय सांगितलंस?"

"ऑफिसचं काम आहे म्हटलं. तिला पटलं नाही."

एकसष्ट नोंदी त्यांना संशयास्पद वाटल्या. ज्या गल्लीत चुकीचं प्रमाण खाली येईना, तिथे ते जवळच्या मोकळ्या चौकात नोंद घेत आणि तिथून व्हॉल्व्हपर्यंतचं अंतर टेपनं मोजत. प्रत्येक नोंदीसमोर चूक किती मीटरची असू शकते, तो आकडा ठळक लिहीत. हे काम सात महिने चाललं.

त्यानंतर दोनदा पाइप फुटले. दोन्ही वेळा पहिल्याच खड्ड्यात व्हॉल्व्ह लागला. त्यातल्या एका वेळी अण्णा रजेवर होते, आणि त्यांना कोणी फोनही केला नाही.